पोकेमॉनची अडखळणारी पवनचक्की: ‘स्कार्लेट-व्हायोलेट’ इतका कच्चा आणि तरी इतका लाडका कसा?

लांब टेकडीवर एक पवनचक्की आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिची पाती छान गरगर फिरतात. चार शेतं ओलांडून मागे वळून पाहिलं, की तीच पाती घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखी टक् टक् करत पुढे सरकताना दिसतात. १८ नोव्हेंबर २०२२ ला ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘पोकेमॉन व्हायोलेट’ ही व्हिडिओ गेमची जोडी बाजारात आली, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी असे असंख्य व्हिडिओ एकमेकांना पाठवले. कुठे पवनचक्की अडखळतेय, कुठे पात्र जमिनीतून आरपार खाली जातंय, कुठे लढाई चालू असताना कॅमेराच डोंगराच्या पोटात शिरलाय. डिसेंबरच्या सुरुवातीला मोठा अपडेट देताना निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने खेळाडूंच्या गैरसोयीबद्दल माफीही मागितली.

आणि याच जोडीच्या पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. निन्टेन्डोच्या कुठल्याही यंत्रावर तोवर एवढी मोठी सुरुवात कोणत्याच गेमला मिळाली नव्हती. आज हा आकडा अडीच कोटींच्या पुढे आहे.

२७ फेब्रुवारी २०२६ हा पोकेमॉनचा तिसावा वाढदिवस. शाळेतून धावत येऊन टीव्हीवर पिकाचू बघणारी, चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवणारी आपल्याकडची पिढी आता आईबाबा झाली आहे, आणि त्यांची मुलं हा गेम मागतायत. मग प्रश्न येतोच: हा गेम चांगला आहे की वाईट? इंटरनेटवर विचारलं तर एक जण ‘मालिकेतला सर्वांत मोडका गेम’ म्हणतो, दुसरा ‘शेवटी रडलो’ म्हणतो. दोघंही खरं बोलतायत. गोंधळ होतो तो या गेममधले दोष दोन अगदी वेगळ्या जातींचे आहेत म्हणून. ते वेगळे केल्याशिवाय त्याची गुणवत्ता कळत नाही. तेच इथे पायरीपायरीने करू.

सोनकिडा, काड्यापेटी आणि एक तार

पोकेमॉनची कल्पना सातोशी ताजिरी यांची. टोकियोजवळच्या माचिदा भागात ते लहानाचे मोठे झाले. तेव्हा तिथे शेतं, तळी, झाडी होती आणि ताजिरींना किडे गोळा करायचं वेड होतं. पुढे शहर वाढलं, शेतं गेली, किडेही गेले. आपल्याकडे ज्यांनी पावसाळ्यात काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडा पाळला आहे, शाळेत दप्तरातून नेऊन दाखवला आहे, त्यांना या खेळाचा गाभा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. गवतात हात घालायचा, काय निघेल ते माहीत नसतं. दुर्मीळ काही सापडलं की मित्राला दाखवायचं, जमलं तर अदलाबदल करायची.

हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ या यंत्राला दुसरं यंत्र जोडणारी एक तार मिळायची. त्या तारेतून किडे इकडून तिकडे सरपटत जातायत असं चित्र ताजिरींच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यातून १९९६ मध्ये पहिली जोडी तयार झाली. त्यात १५१ प्राणी होते. आज एकूण संख्या हजाराच्या पुढे गेली आहे, आणि हजारावा प्राणी याच स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये आला. त्याची गंमत सांगतोच. ९९९ क्रमांकाचा गिमिगूल हा नाण्यांच्या पेटीत लपलेला छोटा जीव. गेममधल्या प्रदेशात विखुरलेली त्याची बरोब्बर ९९९ नाणी तुम्ही गोळा केलीत, की तो बदलून क्रमांक एक हजारचा गोल्डेंगो होतो. हे कोणी तुम्हाला फळ्यावर लिहून सांगत नाही. एखाद्या पडक्या बुरुजावर चढलात आणि तिथे पेटी दिसली, तर तुमचं तुम्हाला उमगतं.

अशा गेमला ‘रोल-प्लेइंग’ गेम म्हणतात. म्हणजे तुम्ही एक पात्र होता, ते पात्र अनुभवाने बळकट होत जातं, आणि बोटांच्या चपळाईपेक्षा डोक्यातला विचार जास्त कामाला येतो.

लढाईत नेमकं काय चालतं?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दोन चित्रं एकमेकांवर ठिणग्या उडवतायत. आत मात्र चक्क गुणाकार चालू असतो.

प्रत्येक पोकेमॉनचा एक किंवा दोन ‘प्रकार’ असतात: आग, पाणी, गवत, वीज, जमीन, भूत असे एकूण १८. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. दगड-कागद-कात्रीच, फक्त १८ हातांची. भारी प्रकाराने मारलं तर इजा दुप्पट होते, दुबळ्या प्रकाराने मारलं तर निम्मी. काही जोड्यांत तर शून्य: जमिनीच्या प्राण्याला विजेचा झटका बसतच नाही, जसं अर्थिंग केलेल्या तारेतून करंट जमिनीत निघून जातो.

प्राण्याला दोन प्रकार असले की दोन्हींचा गुणाकार होतो. गॅराडॉस हा अजस्र सापासारखा प्राणी पाणी आणि हवा अशा दोन प्रकारांचा. वीज दोघांनाही भारी. म्हणून त्याच्यावर विजेचा घाव चौपट बसतो, आणि तो कितीही डरकाळ्या फोडत आला तरी एखादा चिमुकला विजेचा उंदीर त्याला गार करतो. आठ वर्षांचं मूल हे तोंडपाठ सांगतं तेव्हा ते खरं तर दोन गुणिले दोन करत असतं.

या जोडीने त्यात एक नवी कळ घातली, ‘टेरास्टल’. लढाईत एकदा तुमच्या एका पोकेमॉनच्या डोक्यावर स्फटिकाचा मुकुट चढतो आणि त्याचा प्रकारच बदलतो. ऐकायला साधं वाटतं. आता आयोनो या मुलीचं उदाहरण घ्या. ती लाइव्ह व्हिडिओ करणारी, भडक रंगांच्या केसांची, विजेच्या जिमची प्रमुख आहे. जिम म्हणजे इथे आखाडाच: आत जाऊन प्रमुखाला हरवायचं आणि बिल्ला मिळवायचा. तिचा शेवटचा पोकेमॉन मिसमॅजिअस हे मुळात भूत, आणि ते अधांतरी तरंगतं. ती त्याला मुकुट घालून विजेचा करते. विजेच्या प्राण्याला एकाच गोष्टीची भीती असते, जमिनीच्या हल्ल्याची. पण हा प्राणी तर जमिनीला टेकलेलाच नाही! एका मुकुटाने त्याचं एकुलतं एक वर्मही नाहीसं होतं. मुलं इथे पहिल्यांदा अडतात, चिडतात, मग विचार करू लागतात. मला या गेममधला हा फार सुंदर धडा वाटतो, कारण तो कुठेही धड्यासारखा सांगितलेला नाही.

वाटेवरच्या भिंती पाडल्या

जुन्या पोकेमॉन गेममध्ये रस्ता ठरलेला असायचा. एका गावातून दुसऱ्या गावात, मध्ये गवत, पुढे कोणीतरी वाट अडवून उभा. स्कार्लेट-व्हायोलेटने ते मोडलं. पाल्डिया नावाचा अख्खा प्रदेश सुरुवातीलाच उघडा होतो. याला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात, म्हणजे दिसेल त्या दिशेला निघा. पाल्डिया बेतलाय स्पेन आणि पोर्तुगालच्या द्वीपकल्पावर, आणि ते प्राण्यांतही उतरलंय. स्मोलिव्ह म्हणजे डोक्यावर ऑलिव्ह घेतलेलं बुजरं रोपटं. लेचॉन्क म्हणजे वास हुंगत फिरणारं गोंडस डुक्कर. फायडो तर चक्क पावाच्या पिठाचा कुत्रा.

पाठीवर बसायला पहिल्याच तासात एक अगडबंब सरडा मिळतो: स्कार्लेटमध्ये कोरायडॉन, व्हायोलेटमध्ये मिरायडॉन. सुरुवातीला भुकेने कोलमडलेला हा प्राणी तुम्ही दिलेलं सँडविच खाऊन उठतो आणि मग कुत्र्याच्या पिलासारखा तुमच्या मागे लागतो. पुढे तो पोहतो, कडे चढतो, हवेत तरंगतो. आधी दुरून दिसलेल्या कड्यावर महिन्याभराने त्याच्याच पाठीवरून पोचता, तेव्हा होणारा आनंद जुन्या गेममध्ये शक्यच नव्हता.

गवतात लपलेले प्राणी आता उघड्यावर वावरताना दिसतात. थवे, कळप, झाडाखाली झोपलेले, पाण्याकाठी बसलेले. टँडमाउस ही उंदरांची जोडी आहे. तिला घेऊन फिरता फिरता एके दिवशी लक्षात येतं की दोनाचे चार झालेत. पिल्लं कधी झाली हे गेम मुद्दाम दाखवत नाही. मोठमोठ्या प्राण्यांच्या रूपांतराला झगमगाट, आणि इथे मात्र एक कुटुंब गुपचूप वाढतं. असा विचार ज्यांना सुचतो त्या माणसांनी हा खेळ जीव लावून केला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग पवनचक्की का अडखळते?

पडद्यावरची हालचाल ही खरं तर स्थिर चित्रांची माळ असते. वहीच्या कोपऱ्यात एकेक चित्र काढून पानं भराभर उलटली की माणूस पळताना दिसतो ना, तसंच. यातल्या एका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. हा गेम सेकंदाला ३० फ्रेम दाखवायचा प्रयत्न करतो. पानं उलटणारा दमला की माळ तुटते आणि चित्र अडखळतं.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. हॉल मोठा, पानं पाचशे, वाढपी मात्र पाचच. ते काय करतील? समोरच्या रांगेत भात-वरण वेळेवर जाईल आणि लांबच्या रांगेला वाट पाहायला लावली जाईल. गेममधलं यंत्र हेच करतं. खेळाडूच्या जवळच्या गोष्टी प्रत्येक फ्रेमला हलवायच्या, लांबच्या गोष्टी अधूनमधून. म्हणून जवळची पवनचक्की गरगरते आणि लांबची टक् टक् करते. ही युक्ती सगळेच ओपन वर्ल्ड गेम वापरतात, त्यात लबाडी काही नाही. फक्त ती नजरेत येणार नाही एवढी काळजी घ्यावी लागते, आणि ती इथे घेतली गेली नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलंसुद्धा झटके दिल्यासारखी हलतात, आणि वर्ग काही फार मोठा नाही.

तसंच प्राणी अचानक हवेतून उगवणं. वाढप्याच्या हातात एका वेळी जेवढी भांडी मावतात तेवढीच तो आणणार. हा गेम ज्यावर चालतो त्या ‘निन्टेन्डो स्विच’ या यंत्राची तात्पुरती स्मृती, म्हणजे हाताशी ठेवलेली भांडी, फक्त ४ जीबी. आजच्या मध्यम फोनमध्येही याहून जास्त असते. म्हणून तुम्ही अगदी जवळ गेल्याशिवाय कळप समोर येतच नाही. गेम बंद करून पुन्हा चालू केला की काही काळ बरा चालतो, हेही खेळाडूंच्या लवकरच लक्षात आलं. मधल्या काळात उष्टी भांडी साचत गेली असावीत, असं त्यावरून वाटतं.

‘यंत्रच जुनं, त्याला गेम काय करणार?’ असं कोणी म्हणेल. स्विच २०१७ चा आहे हे खरं. पण त्याच वर्षी त्याच यंत्रावर ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला होता, तोही प्रचंड मोकळा प्रदेश घेऊन, आणि तो कितीतरी सफाईने चालतो. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नाही. माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. हा गेम बनवणाऱ्या गेम फ्रीक या कंपनीने त्याचं काम २०१९ च्या अखेरीस सुरू केलं. मधल्या काळात महामारी आली. शिवाय त्याच २०२२ च्या जानेवारीत याच कंपनीचा दुसरा मोठा पोकेमॉन गेम, ‘लेजंड्स: आर्सिअस’, बाजारात आला.

आणि पोकेमॉनचा गेम एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग जमवायचे-खेळायचे नवे पत्ते, नवी कार्टून मालिका, नवी खेळणी यायची असतात. स्कार्लेट-व्हायोलेटच्या नावाचे पत्ते जपानमध्ये २०२३ च्या जानेवारीत आले, नवी मालिका एप्रिलमध्ये. लग्नाचा मुहूर्त काढला, पत्रिका वाटल्या, बँड ठरला, की मांडव अर्धा असला तरी तारीख पुढे ढकलत नाहीत. सहा महिने मिळाले असते तर यातले बरेच दोष गेले असते असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं वाईटही वाटतं. कारण अर्धवट मांडवात उभं राहून बोल ऐकावे लागतात ते कारागिरांना. पुढे २०२४ मध्ये मुख्य मालिकेतला एकही नवा गेम आला नाही, ही त्या मानाने चांगली खूण.

नवं यंत्र आलं, आता तरी सगळं ठीक झालं?

५ जून २०२५ ला स्विच २ आला आणि स्कार्लेट-व्हायोलेटला त्यावर मोफत अपडेट मिळाला. आता तो सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, चित्र स्वच्छ दिसतं. वाढपी वाढले, पंगत मार्गी लागली.

हा अपडेट मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने आपोआप एक प्रयोग करून दाखवला. जे दोष यंत्र बदलल्यावर गेले ते एका जातीचे. जे तसेच राहिले ते दुसऱ्या जातीचे: ते कोणीतरी कागदावर घेतलेले निर्णय आहेत.

मेसागोझा हे पाल्डियातलं मोठं शहर अजूनही तसंच आहे. सुंदर चौक, लांबलचक पायऱ्या, दुकानांच्या रांगा, आणि बहुतेक दारं बंद. दुकानाशी गेलं की आत जायचं नाही, समोर यादी येते. जुन्या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरून आजीशी दोन शब्द बोलता यायचे. इथे गावं सिनेमाच्या सेटसारखी वाटतात.

आवाजाचंही तेच. पात्रं बोलतात ते फक्त अक्षरांत, ओठ हलतात पण आवाज नाही. राइम नावाची एक वयस्क रॅपर मंचावर उभी राहून गाते, गर्दी नाचते, आणि तिचे शब्द आपण मुकाट्याने वाचायचे. शिवाय हा मजकूर ज्या नऊ भाषांत आहे त्यांत हिंदी नाही, मराठी तर नाहीच. आपल्याकडच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला हा गेम द्यायचा असेल तर सुरुवातीचे काही दिवस शेजारी बसून वाचून दाखवायची तयारी ठेवा. तो वेळ वाया जात नाही, पण तो द्यावा लागतो.

‘कुठेही जा’ म्हणाले, पण कुठे जाऊ?

निर्णयातला सर्वांत मोठा दोष हा, आणि त्याची चर्चा पवनचक्कीपेक्षा कितीतरी कमी झाली.

प्रत्येक पोकेमॉनची एक ‘लेव्हल’ असते, इयत्तेसारखी. लढत गेलं की इयत्ता वाढते. गेम म्हणतो, आठ जिम कोणत्याही क्रमाने करा. पण जिमच्या इयत्ता आधीच ठरलेल्या आहेत. कीटकांच्या जिमची केटी १४-१५ लेव्हलचे प्राणी घेऊन बसली आहे, तर बर्फाळ डोंगरावरचा ग्रुशा ४७-४८ चे. तुम्ही आधी कुठेही जा, हे आकडे हलत नाहीत. काही ओपन वर्ल्ड गेम खेळाडूच्या ताकदीनुसार समोरच्याची ताकद कमी-जास्त करतात. इथे ते केलेलं नाही.

म्हणजे शाळेने सांगायचं, ‘कोणत्याही वर्गात बसा, मोकळीक आहे’, पण दारांवर इयत्ता लिहायची नाही. चुकून नववीत शिरलात तर मार खाल. तिथे जिद्दीने जिंकलात, तर परत येऊन दुसरीच्या वर्गात बसायला लागेल, आणि ते फार कंटाळवाणं होतं. इथे लढाईचा अनुभव सगळ्या चमूला मिळतो आणि ते बंदही करता येत नाही, त्यामुळे रमतगमत, प्राणी पकडत हिंडणारा खेळाडू नकळत फार बलवान होतो. गेमला ज्या प्रकारे हिंडावं असं वाटतं, त्या प्रकारे हिंडणाऱ्याचीच लढाईतली मजा जाते.

यावर एक बाजू आहे आणि ती मी मानतो. अवघड ठिकाणी चुकून पोचणं, पळून जाणं, ‘परत येईन’ म्हणणं यातही साहसच आहे. सगळं आपल्या मापाचं झालं तर डोंगराची भीती राहत नाही. पण मग नकाशावर एखादी खूण हवी होती. म्हणून नवख्या खेळाडूसाठी सांगतो: आधी केटीचं कीटकांचं जिम, मग गवताचं, मग आयोनोचं विजेचं, ग्रुशाचं बर्फाचं शेवटी ठेवा. आणि जे प्राणी ऐकेनासे होतात त्यांना घाबरू नका. बिल्ले कमी असताना फार वरच्या लेव्हलचा प्राणी पकडला तर तो आज्ञा पाळत नाही, एवढंच. आठ बिल्ले झाले की सगळे ऐकतात.

‘प्राण्यांना पकडून लढवायचं, हे मुलांना काय शिकवणार?’

पालकांची ही शंका वाजवी आहे. गेममध्ये रक्त नाही, मृत्यू नाही. हरलेला प्राणी मूर्च्छित होतो आणि पेट्रोल पंपासारख्या दिसणाऱ्या उपचार केंद्रात क्षणात बरा होतो. लढाईच्या मानाने कितीतरी वेळ सहलीत जातो. सतरंजी अंथरायची, सँडविच करायचं, प्राण्यांना आंघोळ घालायची. आणि प्राण्यांच्या माहितीतली काही वाक्यं मुलांच्या मनात घर करतात. ग्रीव्हर्ड नावाचा भूत-कुत्रा आहे. रानात माणसाचा सहवास कधीच न मिळता मेलेला कुत्रा पुन्हा या रूपात जन्माला येतो, अशी त्याच्याबद्दल समजूत आहे. हे वाचून गल्लीतल्या कुत्र्याकडे बघणारी मुलं मी पाहिली आहेत.

‘एकच गेम दोन नावांनी विकणं म्हणजे पैसे काढणं नाही का?’ दोन्हींत थोडे थोडे प्राणी वेगळे असतात, म्हणजे संग्रह पूर्ण करायला दुसऱ्या माणसाची गरज पडावी. मूळ तारेची कल्पना तीच होती. भावंडांत एकच यंत्र असेल तर एकच आवृत्ती घ्या, गोष्ट जवळजवळ तीच आहे. भारतात स्विच बहुतेक आयात होऊन चढ्या भावाने मिळतो, तेव्हा हा खर्च दोनदा करण्यात अर्थ नाही. मात्र एक चांगली गोष्ट: एकदा घेतल्यावर आत पैसे मागणारी, नशीब विकणारी पाकिटं यात नाहीत. पुढचे दोन विस्तारित भाग वेगळे विकत मिळतात, पण त्यांच्याशिवाय गोष्ट अपुरी राहत नाही.

शाळा

या गोष्टीतली मुलं एका शाळेची आहेत, आणि शाळेने त्यांना एक प्रकल्प दिलाय: बाहेर जा आणि तुमचा खजिना शोधा. वर्गात सर्व वयांचे विद्यार्थी बसतात, पांढऱ्या केसांचेसुद्धा. गणिताच्या बाईंची धाकटी बहीण तीच रॅपर राइम. पाल्डियाच्या सर्वोच्च विजेतीचं नाव गीता ऐकून आपण चमकतो, पण तिचं जपानी नाव ओमोदाका, ती एक पाणवनस्पती आहे. लॅरी नावाचा दमलेला नोकरदार जिमही सांभाळतो आणि वर आणखी एक पदही, आणि जेवायला वेळ मिळाला की त्यातच सुखी असतो.

पुढे तीन वाटा आहेत. पहिली जिमची. दुसरीवर आर्व्हन भेटतो. त्याची शास्त्रज्ञ आई (व्हायोलेटमध्ये वडील) वर्षानुवर्षं घरी आलेली नाही, त्याला वाढवलं ते एका कुत्र्याने, माबॉस्टिफने, आणि तो कुत्रा आता आजारी आहे. पाच राक्षसी प्राण्यांच्या रखवालीतली औषधी पाल्याची पाच सँडविचेस करून आर्व्हन त्याला घास घास भरवतो. पहिल्या घासाने कुत्रा डोळे उघडतो. पुढच्या घासांनी हळूहळू अंगात बळ येतं. मालिकेत इतकी वर्षं प्राणी ‘वापरले’ जायचे. इथे पहिल्यांदा एक मुलगा एका प्राण्याच्या उशाशी बसलेला दिसतो.

तिसरी वाट टीम स्टारची. ही शाळा सोडून बसलेली मुलं दिसायला गुंड. त्यांच्या अड्ड्यांवर चाल करायला तुम्हाला सांगितलं जातं आणि तुम्ही जाता. एकेक अड्डा पडत जातो तसं कळतं की ही मुलं छळ करणारी नव्हती. त्यांचा छळ झाला होता, आणि त्याविरुद्ध ती एकत्र उभी राहिली होती. ज्यांनी छळलं ते निघून गेले, बोल यांच्या माथी राहिला. मुख्याध्यापक क्लॅव्हेल हे समजून घ्यायला केसांचा फुगा काढून, विद्यार्थ्याचं सोंग घेऊन मुलांत मिसळतात, आणि शेवटी त्या मुलांची माफी मागतात. मोठा माणूस, पदावरचा माणूस, मुलांसमोर उभा राहून ‘आमचं लक्ष नव्हतं’ म्हणतो. हे दृश्य मी दोनदा वाचलं.

तिन्ही वाटा संपल्या की पाल्डियाच्या मधोमध असलेल्या प्रचंड खड्ड्यात, एरिया झिरोत, उतरायचं असतं. तिथे नकाशा चालत नाही. पाठीवर घेणारा सरडाही, पकडलेले पोकेमॉन ज्यात ठेवतात त्या चेंडूतून, घाबरून बाहेर येत नाही. म्हणून चौघं चालत निघतात: तुम्ही, आर्व्हन, लढाईची वेडी नेमोना, आणि कमी बोलणारी पेनी. पायवाट लांब आहे, आणि त्या वाटेवर ती सारखी बोलत राहतात. नेमोना आणि पेनीची ओळख नीट झालेली नाही, आर्व्हनला कोणाशी कसं बोलायचं कळत नाही, मध्येच टोमणे, मध्येच शांतता. कुणी आईवडिलांबद्दल काही बोलून जातं आणि दुसरं कुणी ऐकून घेतं. बटण दाबायचं काम नसतं. फक्त त्यांच्या बरोबरीने खाली, धुक्याकडे चालत राहायचं.